भाकरीतून पंखा, पंख्यातून सूर्य: ॲनिमेशनमध्ये दृश्य बदलताना नजर सांडू नये म्हणून

घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या गणपतीत मी स्वतः केलेली ॲनिमेशन फिल्म पहिल्यांदा पडद्यावर लावली. चाळीस सेकंदांची फिल्म, त्यात अकरा सीन, आणि प्रत्येक सीन बदलताना वेगळा चमत्कार. एक सीन गरगर फिरत जायचा, दुसरा काचेसारखा फुटायचा, तिसरा पान उलटावं तसा उलटायचा. ट्रान्झिशनचा, म्हणजे एका सीनमधून दुसऱ्यात जायच्या इफेक्टचा, तयार संच फुकट हाती लागला होता, तो मी पुरेपूर वसूल केला. फिल्म संपल्यावर पहिल्या रांगेतले एक काका म्हणाले, "छान आहे रे. पण गोष्ट काय होती?"

काकांचं काही चुकलं नव्हतं. दर चार सेकंदांनी मी त्यांची नजर उचलून भलतीकडेच टाकत होतो. ती परत जागेवर येईपर्यंत पुढचा सीन निम्मा संपलेला असायचा.

ट्रान्झिशन म्हणजे गाडी बदलणं. कल्याणकडून येणारा माणूस ठाण्याला उतरतो, पूल चढतो आणि नऊ-दहा नंबरवर वाशी-पनवेलची गाडी पकडतो. पुलाला पायऱ्या किती, असं रोजच्या माणसाला विचारा, सांगता येणार नाही. कारण तो निघतानाच अशा डब्यात चढलेला असतो, की ठाण्याला दार उघडलं की समोर पूलच. नवखा मात्र शेवटच्या डब्यातून उतरतो आणि सगळा फलाट तुडवत, धक्के खात येतो. दोघांचा पूल तोच. फरक पडतो तो आधी कुठे उभं राहायचं हे ठरवण्यात. गुळगुळीत ट्रान्झिशनही असंच आधीच्या सीनमध्ये ठरतं, दोन सीनच्या मधल्या इफेक्टमध्ये नाही.

या लेखात आपण वीस सेकंदांची एक छोटी गोष्ट करू. नौपाड्यातल्या स्वयंपाकघरात आजी भाकरी करतेय. भाकरीचा डबा घेऊन नातू ट्रान्स-हार्बरच्या, म्हणजे ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणाऱ्या, गाडीत बसलाय. संध्याकाळी ऐरोलीच्या बाजूला खाडीकाठी तो डबा उघडतो, समोर पाण्यात रोहित पक्षी आहेत. सीन तीन, म्हणजे ट्रान्झिशनं दोन. एवढं नीट जमलं की पुढचं आपोआप सुचतं.

सॉफ्टवेअरची फार चिंता करू नका. ब्लेंडर फुकट आहे आणि त्यात द्विमित चित्रांसाठी ग्रीस पेन्सिल आहे. ओपनटून्झ आणि क्रिटाही फुकट आहेत. आफ्टर इफेक्ट्सला दर महिन्याला पैसे लागतात, पण पुष्कळ स्टुडिओंत तेच सापडतं. खाली मी ब्लेंडर आणि आफ्टर इफेक्ट्स या दोघांतली बटणं सांगतो. बाकी विचार सगळीकडे सारखाच.

आधी कागद, मग टिकली

कागदावर सहा चौकोन काढा: प्रत्येक सीनची पहिली आणि शेवटची फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्र. प्रत्येक चौकोनात, पाहणारा त्या क्षणी कुठे बघत असेल तिथे एक ठिपका द्या. आपल्याला त्याने कुठे बघावं असं वाटतं तिथे नव्हे. तो खरोखर कुठे बघेल तिथे. डोळा जे हलतं, जे उजळ असतं आणि ज्याला चेहरा असतो तिकडे जातो. आजीचा हात हलत असेल तर मागच्या फडताळातले पितळी डबे तुम्ही कितीही जीव ओतून रंगवा, कुणी बघणार नाही.

आता पहिल्या सीनच्या शेवटच्या चौकोनातला ठिपका आणि दुसऱ्या सीनच्या पहिल्या चौकोनातला ठिपका जवळजवळ हवेत. एक डावीकडे खाली आणि दुसरा उजवीकडे वर असेल, तर चित्र बदला. इथेच बदला, कागदावर खोडरबराने काम भागतं.

स्क्रीनवर काम सुरू झालं की मी एक साधी युक्ती करतो. घरातली एक टिकली घ्यायची, सीनच्या शेवटच्या फ्रेमला नजर जिथे असेल तिथे मॉनिटरवर चिकटवायची आणि टाइमलाइन एक फ्रेम पुढे सरकवायची. नव्या सीनमधली महत्त्वाची गोष्ट टिकलीखाली किंवा तिच्या आसपास आली तर ठीक. ती टिकलीपासून वीतभर लांब असेल तर पाहणाऱ्याला तिथे ठेच लागणार. ही युक्ती मी शिकवायला लागल्यापासून आमच्याकडच्या मॉनिटरवर सतत लाल-मरून ठिपके दिसतात, आणि साफसफाई करणाऱ्या मावशींनी त्याबद्दल विचारणं आता सोडून दिलंय.

वॉल्टर मर्च या चित्रपट संपादकाने चांगला कट (एका चित्रावरून थेट दुसऱ्यावर जाणं) कसा ओळखावा यासाठी सहा कसोट्या दिल्या आणि त्यांना टक्केही दिले. भावनेला ५१, गोष्टीला २३, लयीला १० आणि नजरेच्या मागाला फक्त ७. म्हणजे टिकलीने आपण ते सात टक्के सांभाळतो. ५१ टक्के आजीच्या भाकरीत आहेत, हे विसरून चालणार नाही.

कोण वाहून नेणार?

नजर एका सीनमधून दुसऱ्यात न्यायची तर काहीतरी दोन्ही सीनमध्ये हवं. तो आकार असू शकतो, हालचालीची दिशा असू शकते, रंग किंवा आवाजही असू शकतो. एका वेळी एक पुरे, फार तर दोन.

आपल्या गोष्टीत मी गोल आकार निवडला. तव्यावरची भाकरी गोल, लोकलच्या छताला जाळीतला पंखा गोल, खाडीवर मावळतीचा सूर्य गोल. हे सुचायला काही प्रतिभा लागत नाही. सीनमधल्या वस्तूंची यादी करा आणि कुठल्या दोन वस्तूंचे आकार जुळतात ते बघा. पण जुळतात म्हणून जोडू नका. एका मुलाने चंद्रातून कॅरम बोर्डाची सोंगटी काढली होती. देखणी होती. पण गोष्टीत चंद्राचा आणि कॅरमचा काही संबंध नव्हता, त्यामुळे पाहणारे उगाच अर्थ शोधत बसले. आकार जुळवून दोन वस्तू जोडल्या की पाहणारा त्यांचं नातं गृहीत धरतोच. आपल्याकडे ते आहे: भाकरी घरातून निघून खाडीकाठी पोहोचते.

आणि हो, बहुतेक ठिकाणी साधा कटच वापरा. ट्रान्झिशन लागतं ते जागा, वेळ किंवा मनःस्थिती बदलताना. आजीचा चेहरा आणि आजीचा हात यांच्यामध्ये काहीही लागत नाही. पडदा काळा करणं हा पारसिकचा बोगदा आहे: आत शिरताना एक मुलूख, बाहेर येताना दुसरा. एका मिनिटात तीन बोगदे काढलेत तर कुणाला वाटेल वीज जातेय. वेळ पुढे सरकवायलाही दरवेळी इफेक्ट लागत नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये कुंडीतल्या वाटाण्याचं रोप दिवसागणिक थोडं थोडं टिपलं आणि भांडवल देणाऱ्यांना ते उगवताना दाखवलं. कॅमेरा जागचा हलला नाही, म्हणून मधले दिवस कुठे गेले असा प्रश्न पडला नाही. चौकट स्थिर ठेवून फक्त खिडकीतला उजेड बदला, तुमचीही सकाळची संध्याकाळ होईल.

फ्रेम मोजायची सवय

सेकंदाला २४ फ्रेम धरा. टीव्हीसाठी काम असेल तर आपल्याकडे २५ चालतात. सुरुवातीलाच ठरवा, मध्येच बदललंत तर सगळी मोजणी बिघडते. नवशिके "अर्धा सेकंद" म्हणतात. तसं म्हणू नका, "बारा फ्रेम" म्हणा. कारण दहा आणि चौदा फ्रेममधला फरक डोळ्याला कळतो, तो "अर्धा सेकंद" या शब्दांत मावत नाही.

माझा ढोबळ हिशोब असा: एक ट्रान्झिशन साधारण १४ ते २० फ्रेमचं. त्याआधी निदान ८ फ्रेम आणि नंतर निदान १२ फ्रेम चित्र शांत. नंतरची शांतता जास्त ठेवायची, कारण नव्या जागेत आलेल्या माणसाला आजूबाजूला बघायला थोडा वेळ लागतो. रंग भरण्याआधी नुसत्या पेन्सिलच्या रेघांवर हे सगळं चालवून बघा. इथे कंटाळा केलात तर नंतर रंगवलेले सीन फेकावे लागतात, आणि ते दुःख मी भोगलंय.

कटवर थांबू नका

आता मुख्य गोष्ट. ही एवढीच लक्षात राहिली तरी लेख वाचल्याचं सार्थक.

वस्तू कुठे आणि कशी हवी हे ठरवून दिलेल्या फ्रेम म्हणजे की-फ्रेम. अशा दोन दिल्या की सॉफ्टवेअर मधल्या फ्रेम भरतं. वेग सगळीकडे एकसारखा ठेवला तर वस्तू कन्व्हेयर पट्ट्यावर ठेवल्यासारखी सरकते. खऱ्या गोष्टी तशा हलत नाहीत. ठाण्याहून सुटलेली लोकल आधी कुरकुरत निघते, मग वेग पकडते, स्टेशन जवळ आलं की मंदावते. यालाच ईझिंग म्हणतात. हे शिकला की नवशिका खूश होतो आणि प्रत्येक हालचालीच्या दोन्ही टोकांना ईझ लावून टाकतो. आफ्टर इफेक्ट्समध्ये तर ते एका बटणावर आहे, एफ-९.

आणि तिथेच ट्रान्झिशन मरतं. पहिल्या सीनमध्ये भाकरी हळूच फिरायला लागते, वेग घेते, आणि कट येईपर्यंत ईझमुळे पुन्हा थांबते. दुसऱ्या सीनमध्ये पंखा शून्यापासून सुरू होतो. म्हणजे मधल्या क्षणी सगळं ठप्प. कळवा आणि ठाण्याच्या मध्ये सिग्नलला गाडी उभी राहते तेव्हा डब्यातली माणसं मोबाइलमधून मान वर करून बाहेर बघतात, नेमकं तसंच पाहणाऱ्याचं होतं. जिथे त्याला काही जाणवायला नको, तिथेच तो जागा होतो.

म्हणून नियम असा: वेग कटच्या क्षणी सर्वांत जास्त हवा. पहिल्या सीनमध्ये फक्त सुरुवात मंद आणि शेवट भरधाव. दुसऱ्या सीनमध्ये सुरुवात भरधाव आणि शेवट मंद. कट वेगाच्या माथ्यावर लपतो.

आफ्टर इफेक्ट्समध्ये पहिल्या सीनच्या सुरुवातीच्या की-फ्रेमला कंट्रोल-शिफ्ट-एफ-९ द्या, शेवटची की-फ्रेम लिनियर, म्हणजे ईझ न लावलेली, ठेवा. दुसऱ्या सीनमध्ये उलट: पहिली की-फ्रेम लिनियर, शेवटचीला शिफ्ट-एफ-९. मग ग्राफ एडिटर उघडून वेगाचा आलेख बघा. ईझचा इन्फ्लुएन्स (त्याचा जोर) आपोआप ३३ टक्क्यांच्या आसपास असतो, तो मिळमिळीत वाटतो. ७० ते ८० पर्यंत ओढा. ब्लेंडरमध्ये आय दाबून की-फ्रेम टाका, डोप शीटमध्ये (की-फ्रेम दाखवणाऱ्या खिडकीत) टी दाबून इंटरपोलेशन, म्हणजे मधल्या फ्रेम भरायची पद्धत, निवडा आणि कंट्रोल-ई दाबून ईझ कुठल्या टोकाला हवा ते ठरवा. दोन्ही सीनचे आलेख शेजारी ठेवले की मध्ये एक डोंगर दिसला पाहिजे. दरी दिसली तर गाडी सिग्नलला उभी आहे.

भाकरी आणि पंखा, जवळून

आता प्रत्यक्ष आकडे. चौकट १९२० बाय १०८० ची. भाकरीचं केंद्र आडवं १२०० वर आणि उभं ५०० वर, व्यास ४२० पिक्सेल. पंख्याच्या जाळीचं केंद्र आणि व्यास अगदी तेच. डोळ्याने जुळवू नका, आकडा टाइप करा.

पहिली अडचण: गुळगुळीत गोल फिरला तरी फिरल्याचं दिसत नाही. मी तासभर डोकं खाजवत बसलो होतो, की की-फ्रेम आहेत मग भाकरी फिरत का नाही. ती फिरत होती. तिच्यावर काही खूणच नव्हती. मग भाजल्याचे तीन तपकिरी डाग काढले, एकमेकांपासून १२० अंशांवर. पंख्याला पाती तीन. कटच्या वेळी डाग जिथे असतील तिथून पाती पुढे निघतात. हे डाग पाहणाऱ्याच्या लक्षातही येत नाहीत, पण काम तेच करतात.

वेग असा दिला: भाकरी पहिल्या फ्रेमला २ अंश फिरते, मग ४, ७, ११, १६, २२, २८. सात फ्रेममध्ये बरोबर ९० अंश. तिथे कट. पंख्याच्या पहिल्याच फ्रेमला पुन्हा २८ अंश पुढे, मग २६, २४, २२, आणि २० वर तो स्थिर फिरत राहतो. पंख्याची पहिली फ्रेम भाकरीच्या शेवटच्या कोनावरच ठेवलीत तर एका फ्रेमची उचकी लागते. ती दिसत नाही, फक्त खटकते, आणि कुठे खटकतंय ते शोधण्यात संध्याकाळ जाते.

खरा पंखा याहून खूप जोरात फिरतो, मग इतका हळू का? कारण तीन पात्यांचा पंखा दर फ्रेमला ६० अंशांपेक्षा जास्त फिरवला तर तो उलटा फिरल्यासारखा दिसायला लागतो. १२० अंश फिरवला तर प्रत्येक पातं पुढच्याच्या जागी जाऊन बसतं आणि पंखा बंद पडल्यासारखा दिसतो. तसाही जुन्या डब्यातला पंखा कंगव्याने ढकलूनच सुरू करायची आपल्याला सवय, त्यामुळे मंद पंख्याबद्दल आजवर कुणी तक्रार केलेली नाही.

फिरण्याची दिशाही तीच ठेवा. माझ्या पहिल्या प्रयत्नात भाकरी घड्याळाच्या दिशेने आणि पंखा उलट. आकार जुळला, केंद्र जुळलं, वेग जुळला, तरी बघताना पोटात ढवळायचं.

पंख्यातून सूर्य काढणं त्या मानाने सोपं. पात्यांवर मोशन ब्लर (हालचालीमुळे येणारा पुसटपणा) वाढवत न्या, म्हणजे ती मिसळून एक फिकट तबकडी दिसते. हा पुसटपणा किती हे शटरच्या अंशांवर ठरतं; नेहमीचा १८० अंशांचा शटर पुरत नाही, इथे थेट ३६० ला जा. जाळी सहा फ्रेममध्ये विरघळू द्या, तबकडीला केशरी रंग चढवा, मागचं छत आकाश होऊ द्या. तीन गोष्टी एकदम नको, दोन-दोन फ्रेमच्या अंतराने. सूर्य खाडीवर मावळतोय म्हणजे आपण ऐरोलीच्या काठावरून पश्चिमेकडे बघतोय; मागे डोंगर काढलेत तर ते मुलुंडपलीकडचे हवेत. अशी चूक बाहेरच्याला कळत नाही, ऐरोलीकर मात्र लगेच पकडतो. माझ्या जुन्या फिल्ममध्ये ठाण्यानंतर थेट ऐरोली येत होतं. जानेवारी २०२४ मध्ये दिघा गाव स्टेशन सुरू झालं आणि दोनच आठवड्यांत एका विद्यार्थिनीने ती चूक दाखवली. तोपर्यंत ती चूक नव्हती, पण ते सांगून काय उपयोग.

हँडलं हलत राहतात

गाडी थांबली की डब्यातली वरची हँडलं लगेच थांबत नाहीत, दोन-तीन वेळा झुलतात. डिस्नेचे फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ साली ॲनिमेशनची जी बारा तत्त्वं मांडली, त्यांत हे एक आहे: मुख्य वस्तू थांबल्यावरही तिला लटकलेल्या गोष्टी चालू राहतात. ट्रान्झिशननंतर याचा मोठा आधार होतो. कॅमेरा पंख्यावरून खाली येऊन नातवावर थांबला की हँडलं झुलू द्या, प्रत्येक हँडल आधीच्यापेक्षा दोन फ्रेम उशिरा, प्रत्येक झोका आधीच्याच्या साधारण निम्मा. डब्याच्या पिशवीचे बंद सर्वांत शेवटी थांबतील. सगळं एकाच फ्रेमला गोठलं तर फोटो लावल्यासारखं वाटतं.

आवाज आधी पोहोचतो

चित्र बदलण्याआधी आवाज बदलला तर कान डोळ्याला तयार ठेवतो. हे आपल्याला रोज कोण शिकवतं? "पुढील स्टेशन, ऐरोली." स्टेशन दिसण्याआधीच माणसं बॅगा सावरून दाराकडे सरकतात. तव्यावरच्या चरचरीत रुळांचा आवाज कटच्या १० फ्रेम आधीच मिसळायला लागा, आणि चरचर कटनंतर ६ फ्रेम रेंगाळू द्या. खाडीकडे जाताना पक्ष्यांचा गलका पंख्याच्या घरघरीतच सुरू करा. प्रत्येक ट्रान्झिशनला "व्हूश" लावू नका. कृपा करा.

दाखवण्याआधी

एकदा आवाज बंद करून बघा, एकदा डोळे मिटून फक्त ऐका. एकदा फोनवर हातभर अंतरावरून बघा, कारण बहुतेक लोक तशीच बघणार आहेत. उभी आवृत्ती करायची असेल तर नुसती कापू नका. १२०० वरचं केंद्र १०८० रुंदीच्या चौकटीच्या बाहेर पडतं, टिकल्या पुन्हा लावाव्या लागतात. सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट कुठेही ठेवू नका, काहींना त्याने फेफरं येऊ शकतं.

आणि शेवटी अशा माणसाला दाखवा ज्याला ॲनिमेशनमधलं काही कळत नाही. "ट्रान्झिशन कसं वाटलं" असं विचारू नका. "काय झालं ते सांग" एवढंच म्हणा.

मी आईला दाखवली. तिने गोष्ट बरोबर सांगितली, पंखा कुठून आला हे तिला आठवतही नव्हतं. मी मनातल्या मनात पाठ थोपटून घेत होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "भाकरीला पाणी कुठे लावलंय? आणि तव्यावर टाकल्या टाकल्या कोण फिरवतं?"

मग १४ फ्रेम वाढवल्या. आजी ओल्या हाताने भाकरीवरून गोल पाणी फिरवते, आणि त्या हाताच्या गोलाईतूनच भाकरी फिरायला लागते. आधी ती फिरायला का लागते याला काही कारणच नव्हतं.

भाकरी उलटायची अजून राहिलीच आहे, असं आईचं म्हणणं आहे.